तुरीचा दवाखाना

मेलेली झाडं मागत हिंडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. लोक शेजारी जाऊन ताक मागतात, विरजण मागतात, चुलीसाठी विस्तव मागतात. आमचे कंपाउंडरभाऊ अगहन, म्हणजे मार्गशीर्ष, लागला की खांद्यावर रिकामं पोतं टाकून आजूबाजूच्या गावांत जायचे आणि धानाच्या बांधीत कोणी दिसला की लांबूनच विचारायचे, "काऊन भाऊ, तुमच्याकडं कोणी मेलं का?"

नवा माणूस दचकायचा. ओळखीचा असला तर हसायचा आणि पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, वाळलेल्या तुरीकडे बोट दाखवायचा. मग भाऊ ती झाडं मुळासकट उपटायचे, मुळाची माती न झटकता पोत्यात भरायचे आणि लग्नातून आंदण मिळाल्यासारखे खुशीत घरी यायचे.

त्यांच्याबद्दल मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. तशी मी बोलकी नाहीच, पण हे न बोलणं वेगळं होतं. त्यांनीच बोलू नको म्हणून बजावलं होतं. आता ते नाहीत, त्यांच्या पत्नी, आमच्या बाई, नाहीत, त्यांचा धाकटा भाऊही नाही. ज्या दवाखान्यासाठी गप्प राहायचं होतं तिथे माझ्यानंतर किती नर्सा येऊन गेल्या असतील. गडचिरोलीसुद्धा चांदा जिल्ह्यातून वेगळी निघाली. मी कशाला धरून बसू?

मी नागपूरला शिकून निघाले आणि माझी नेमणूक झाली ती गोंडपिपरीच्याही पुढे, बैलगाडीच्या वाटेवरच्या एका गावी. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे मीच. भाऊंनी त्याच दवाखान्यात सारी नोकरी काढून पेन्शन घेतली होती. त्यांच्या घराची बाजूची खोली मला भाड्याने मिळाली आणि खोलीबरोबर ते मिळाले. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं औषधांचं कपाट उघडून बाटल्यांची जागा बदलली. कारण विचारलं तर म्हणाले, "हात जिथी जाते तिथी बाटली पायजे. बाटली शोधत बसलं तं पेशंट समजते का बाईले काई येत नाई."

गुलाबी पाणी करायला त्यांनीच शिकवलं. साखरेचा पाक, पाणी, रंगाचे दोन थेंब. बाटलीवर कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायची, एक खाच म्हणजे एक डोस. ज्याला काही झालेलं नाही, किंवा ज्याच्यावर आपल्याकडे काही नाही, त्याच्यासाठी ते औषध. मी म्हटलं, हे खोटं नाही का? त्यावर ते मोठ्याने हसले. म्हणाले, "नर्सबाई, माणूस अर्धा बाटलीनं बरा होते आन अर्धा बाटली देणाऱ्याच्या तोंडाकडं पाहून. हे पाणी तोंडाचं औषध आहे." मग हसू आवरून म्हणाले, "पण तुरीले हे चालत नाई. तूर तुमच्या तोंडाकडं पाहत नाई."

तूर हा त्यांचा दुसरा दवाखाना होता. आमच्या भागात धान बांधीत आणि तूर बांधीच्या पाळीवर. तिला मर लागायची. झाड हिरवंगार, फुलावर आलेलं, कुठे कुठे शेंगा धरलेल्या, आणि एका सकाळी शेंडा खाली. बघणाऱ्याला वाटावं पाणी कमी पडलं. पण पायाखाली माती ओली असायची. मर म्हणजे बुरशी, ती मातीतच राहते, मुळातून आत शिरते आणि झाडाच्या नळ्या बंद करते. झाड पाण्यात उभं राहून तहानेने मरतं. भाऊंच्या कमरेला एक लहान चाकू असे. मरू घातलेल्या झाडाच्या बुंध्याशी ते उकिडवे बसायचे, साल अलगद सोलायचे, आणि आत काळी रेघ दिसली की डोकं हलवून म्हणायचे, "गेला. आता याले काशीले नेलं तरी फायदा नाई."

घरामागच्या वावरात त्यांनी वार्ड पाडले होते. एक निंबाचा वार्ड, तिथे निंबोळ्या कुटून मातीत मिसळलेल्या. एक ढेपेचा वार्ड, तिथे मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल काढल्यावर उरलेली ढेप. एका वार्डात तुरीच्या दोन ओळींत ज्वारी, "पेशंटच्या सोबतीले ज्वारी दिली का बिमारी इकडून तिकडं जात नाई" म्हणून. एका वार्डात आंबट ताक, तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं. ताकाच्या बाटलीवरही खाचांची पट्टी लावलेली असायची. सगळंच काही त्यांना कळत होतं असं मुळीच नाही. एका वर्षी त्यांनी तुरीला एरंडेल पाजलं, पोट साफ झालं तर मुळं मोकळी होतील म्हणून. चार दिवसांत ओळच्या ओळ आडवी झाली. त्यांनी गंभीरपणे निदान केलं: डोस जास्त झाला. पुढच्या वर्षी अर्ध्या डोसाने तेच केलं आणि तशीच ओळ आडवी झाली. पण निंबोळी, ढेप आणि ज्वारी या तिघांनी बराच गुण दिला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या वार्डांत मर कमी असायची. ते ऐकवायचा कंटाळा त्यांना नव्हता. पोस्टमन असो, पटवारी असो, दारातून जाणारा माणूस वार्ड बघितल्याशिवाय सुटत नसे.

एका वार्डाचं नाव मरघट, म्हणजे मसणवट, होतं. गावोगावची मेलेली झाडं ते तिथे आणून बारीक तोडायचे आणि मातीत गाडायचे. ती जमीन त्यांनी मुद्दाम आजारी केली होती, दर वर्षी थोडी जास्त. तिथे ना निंबोळी, ना ढेप, ना ताक. तूर पेरायची आणि मरू द्यायची. मेलेल्यातून जे झाड उभं राहील त्याचं बी ठेवायचं आणि परत तिथेच पेरायचं.

गावात यावर बरीच चर्चा झाली होती. मेलेलं झाड घरी आणून पुरणारा माणूस भला असतो का, असं कोणीतरी पाटलाकडे विचारलंही होतं. भाऊंनी सगळ्यांना वावरात बोलावलं. ते म्हणाले, ढेप किती घरांत पुरेल? निंबोळ्या वेचायला दर वर्षी कोणाला वेळ आहे? औषध पुरत नसेल तर औषध न लागणारा पेशंटच तयार केला पाहिजे. लोकांनी ऐकून घेतलं. पाळीवर दोन कुबड्या आडव्या टाकून बसलेल्या त्यांच्या धाकट्या भावाने, लहानभाऊंनी, तेवढ्यात विचारलं, "आन दादा, एक बी नाई उरला तं?" 

"तं पुढच्या साली."

"आन पुढच्या साली तू नाई उरला तं?"

"तं तू आहेस न बापा. तुले कुठी धावाले जायचं आहे?"

लोक हसले, दोघे भाऊ सगळ्यांत जास्त हसले, आणि चर्चा संपली.

लहानभाऊंचे पाय लाखेने गेले होते. लाख म्हणजे लाखोळी, एक कडधान्य, धान निघायच्या आधी बांधीत फेकून दिली तरी उगवते, तिला मर नाही, राखण नाही. ज्या वर्षी तूर जाते त्या वर्षी गरीब माणूस लाखेचंच वरण खातो आणि लाखेच्याच पिठाच्या भाकरी. थोडी खाल्ली तर काही होत नाही. महिनोन्‌महिने तेवढीच खाल्ली की पोटऱ्या आखडतात, टाचा उचलल्या जातात आणि एक दिवस माणूस काठी मागतो. लहानभाऊ तरुणपणी दूरच्या एका गावी सालदार होते. मजुरी लाखेत मिळायची, तीच शिजवायची. भाऊंच्या घरात म्हणून लाखेचा दाणा येत नसे. बाई शेजारणीच्या सुपातली लाखही उंबऱ्याबाहेर उभं राहून निवडून द्यायच्या.

म्हणजे त्या घरात तूर हे वेड नव्हतं. लोकांना वेड दिसायचं, कारण भाऊ झाडाची नाडी बघायचे, झाडाला "कसं वाटून राह्यलं?" विचारायचे. त्यांच्या मागे कुबड्यांचा आवाज यायचा, तिकडे कोणाचं लक्ष जात नसे.

माझ्या तिथल्या दुसऱ्या हिवाळ्यात भाऊंना धाप लागू लागली. पाय सुजले, खाट धरली. डॉक्टरांनी हृदय कमजोर झालं म्हणून सांगितलं आणि वावरात जायची बंदी केली. मरघटात त्या वर्षी पाच-सहा झाडं तग धरून होती. इतकी कधीच उरली नव्हती. दवाखाना बंद करून येताना मी वावरातून यायचं आणि त्यांना सांगायचं असं ठरलं. बाईंना घरातून उसंत नव्हती, आणि लहानभाऊंना त्या दिवसांत कुबड्यांनी काखेत जखम झाली होती. मी ओसरीची पायरी चढते न चढते तोच खाटेवरून आवाज येई, "उभे आहेत?"

"उभे आहेत, भाऊ."

मग ते जेवायचे. उभे आहेत ऐकल्याशिवाय ताटावर बसत नसत.

एका संध्याकाळी मी गेले तर शेंडे खाली होते. दुसऱ्या दिवशी आणखी. मी चाकू नेला नव्हता, नखाने साल काढली. आत काळी रेघ होती. चौथ्या दिवशी मरघटात हिरवं असं काही राहिलं नाही.

मी परत आले, पायरी चढले. खाटेवरून आवाज आला. त्या दिवशी त्यांचा श्वास फार वाईट होता. उशांना टेकून बसले होते, ओठ निळसर. मी नर्स होते. अशा माणसाला काय सांगायचं आणि काय नाही हे मला शिकवलेलं होतं, अर्धं नागपूरला आणि अर्धं त्यांनीच.

मी म्हटलं, "उभे आहेत, भाऊ."

ते जेवले. चांगले जेवले. त्या आठवड्यात सूज उतरली. डॉक्टर आले तेव्हा मला म्हणाले, तुमच्या सेवेचा गुण आहे. मी मान खाली घातली.

पुढे खोटं आपल्या पायाने चालत गेलं. त्यांनी फांदी बघायला मागितली, मी निंबाच्या वार्डातली हिरवी फांदी तोडून आणली. शेंगा वाळल्या तेव्हा मरघटातल्या शेंगा वेगळ्या खुडायला सांगितल्या, मी निंबाच्या वार्डातल्या खुडल्या. त्यांनी त्या हातात घेऊन कानाशी वाजवल्या. बाईंनी राखेत मिसळून बी गाडग्यात भरलं, तोंड शेणाने लिंपलं. मला वाटलं, ते बरे झाले की सांगू. बरे झाल्यावर वाटलं, पुन्हा मरघटातच पेरतील, मरेल, कोणाला कळणार आहे.

पण अक्तीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दिवस आला. अक्तीला आमच्याकडे नव्या हंगामाच्या बियाला हात लावतात. त्या दिवशी दिलेलं बी कोणी नाकारत नाही, आणि त्या बियाचं जे होतं तेच वर्षाचं होतं असं मानतात. भाऊंनी गाडगं फोडलं. गेली कित्येक वर्षं तूर पेरायची सोडून दिलेली घरं त्यांनी निवडली होती, जास्त करून जंगलाकडच्या टोल्यातली, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतली, जिथे ढेप नव्हती आणि लाख होती. एकेका घराला ओंजळ ओंजळ दिलं. धोतर धुतलेलं होतं, टोपी घातली होती. प्रत्येकाला सांगत होते, "याले औषध नको. ढेप नको, निंबोळी नको. हे मरघटातून उठून आलेलं आहे."

मी तिथेच उभी होते. माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तेव्हा बोलता आलं असतं.

अगहनात ती सगळी तूर गेली. निंबोळीच्या आधाराने वाढलेल्या झाडांचं बी ते, आधार काढल्यावर जेवढं जगायचं तेवढं जगलं. औषध घालू नका म्हणून भाऊंनीच सांगितलं होतं, त्यामुळे ज्यांनी एरवी थोडीफार ढेप टाकली असती त्यांनीही टाकली नव्हती. अक्तीचं बी मेलं. टोल्यातली एक म्हातारी डोक्यावर भारा घेऊन आली आणि तिने तो भाऊंच्या अंगणात टाकला. मेलेली तूर. म्हणाली, "घ्या कंपाउंडर, तुमाले मागाले यायची तसदी नको." संध्याकाळपर्यंत आणखी घरांनी आणून टाकली. कोणी शिव्या दिल्या नाहीत. एक जण तर फार आदराने म्हणाला, डॉक्टरसाहेब, मुडदे मोजून घ्या.

भाऊ त्या ढिगात बसले आणि एकेक बुंधा सोलू लागले. काळी रेघ दिसली की बाजूला ठेवायचे आणि दुसरा घ्यायचे. सगळ्यांत काळी रेघ होती. बाईंनी दोनदा जेवायला हाक मारली. लहानभाऊ ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते.

शेवटी भाऊंनी चाकू मिटला. म्हणाले, "लहान्या, उद्या नांगर लाव मरघटाले. ढेप टाक, ज्वारी पेरू पुढच्या साली. उरलेल्या झाडाचं लेकरू बी मरते. माझं सारं चुकलं."

अजूनही मला वाटतं, त्यांनी शेवटचं वाक्य म्हटलं नसतं तर मी बोलले नसते. एवढीच माझी हिंमत. त्यांची चूक झालेली नव्हती. उरलेल्याचं लेकरू मरतं हे त्यांनी पाहिलंच नव्हतं, आणि माझ्या खोट्यावर विसंबून ते मरघट मोडायला निघाले होते.

मी ढिगाच्या या बाजूला उभी राहून सांगितलं. मरघटातलं एकही उभं नव्हतं, भाऊ. ते बी निंबाच्या वार्डातलं होतं.

भाऊंनी मिटलेला चाकू कमरेला लावला. मग त्यांनी विचारलं, "निंबाच्या कोणत्या ओळीतलं?"

"कुंपणाकडच्या."

"तिथी तं बाजूले ज्वारी बी होती." ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "तं मरणारच." त्यांच्या चेहऱ्यावर, मी शपथेवर सांगते, आधी सुटका दिसली. त्यांचं काम खोटं ठरलं नव्हतं. नंतर त्यांची नजर ढिगावर गेली आणि मग माझ्यावर आली.

"मले गुलाबी पाणी पाजलं तू," ते म्हणाले. तोवर मला ते कधी 'तू' म्हणाले नव्हते.

ओसरीवरून लहानभाऊ म्हणाले, "आता समजलं कसं लागते ते?"

मला वाटलं ते मला बोलले. पण ते भावाकडे बघत होते. भाऊंनी मान खाली घातली. मग त्यांनी मला सांगितलं ते इतक्या हळू आवाजात की बाई चुलीपासून उठून दारात आल्या. लहान्या सालदारीवरून पहिल्यांदा आला तेव्हा पोटऱ्या दुखतात म्हणत होता. भाऊ तेव्हा नवे कंपाउंडर होते. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा आहे. भाऊंना आतून वाटलं होतं की हे वेगळं काहीतरी आहे, पण त्यांनी बाटली भरली, पट्टी चिकटवली आणि दिली. लहान्याला बरं वाटलं. मोठ्या भावाने दिलेलं औषध होतं. तो परत गेला आणि आणखी एक हंगाम लाख खाल्ली.

"बाटली मस्त गोड होती," लहानभाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी टोल्यात जाऊन सगळ्यांना सांगायचं ठरवलं. लुगडं नेसून निघाले तर भाऊ दारात खाट आडवी टाकून बसलेले. कुठी चालली म्हणून विचारलं. मी सांगितलं. म्हणाले, "जायचं नाई."

"पण भाऊ, लोक तुम्हाला हसतात."

"मले तं ते एरंडेलापासून हसून राह्यले. माझं काय जाते? पण नर्सबाई खोटं बोलते असं एकदा टोल्यात गेलं का तुझ्या हातचं औषध कोणी घेणार नाई. बाळंतीण अडली तं तुले बोलावणार नाई. तिथी कोण मरेल ते तू मले सांगजो." मग म्हणाले, "तू बोलायचं नाई. कोणालेच नाई. चूक माझ्या नावावर राहू दे, माझ्याकडं जागा आहे."

त्याच आठवड्यात ते काठी टेकत टोल्यात गेले आणि घरोघर सांगून आले की बी निवडताना माझ्या हातून चूक झाली, औषध घालू नका म्हटलं तेही चुकलं. बरोबर निंबोळीचं पोतं घेऊन गेले होते. एका घरी त्यांना बसायलाही सांगितलं नाही. परत आल्यावर बाईंनी पाय दाबून दिले तेव्हा सूज पुन्हा चढलेली होती.

त्यांनी माफ केलं का, हे मला कळलं नाही. मी विचारलं नाही, आणि ते असल्या गोष्टी बोलणाऱ्यांतले नव्हते. मरघट मात्र मोडला नाही. जुन्या गाडग्यात मागच्या वर्षांचं मरघटातलं खरं बी थोडं शिल्लक होतं, तेच पुढच्या पावसात पेरलं. मला काम तेच ठेवलं, दवाखान्यातून येताना बघून सांगायचं. फरक एवढाच झाला की मी पायरीवर येऊन "दोन गेले, बाकी उभे आहेत" म्हटलं की भाऊ मान हलवायचे आणि म्हणायचे, "लहान्या, पाहून ये बरं."

लहानभाऊ कुबड्या घ्यायचे. टकटक करत अंगण ओलांडायचे, वावरात जायचे, माझ्या नावाने पुटपुटत परत यायचे. "खरं बोलून राह्यली," असा निकाल द्यायचे. मग भाऊ ताटावर बसायचे. हे रोज चाललं. मी तिथे उभी राहत असे, लहानभाऊ येईपर्यंत आत जात नसे. एकदा लहानभाऊ वैतागून मला म्हणाले, "बाई, तुमच्या एका खोट्यानं मले इतकं चालवलं का माझे पाय बरे व्हाले पायजे होते."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. त्या वर्षी टोल्यातल्या घरांत मी बाळंतपणाला जायची तेव्हा चुलीपाशी लाखेचं पिवळं पीठ दिसायचं. ज्या घरांना ओंजळ मिळाली होती ती मला पाठ होती. माणसं भेटली की मी त्यांच्या तोंडाकडे बघायच्या आधी पायांकडे बघायची, टाच जमिनीला लागते की नाही ते. मी होते तोवर कोणाची उचललेली दिसली नाही. पण मी तिथे कायम राहिले नाही, आणि लाख सावकाश काम करते. त्यानंतर कोणाचं काय झालं हे मला माहीत नाही. ते मला कधीच कळणार नाही. रस्त्याने कोणी लंगडताना दिसला की मी आजही मनात त्याचं गाव विचारते.

शेवटच्या अगहनात भाऊ पुन्हा खाटेवर आले. या वेळी पाणी पायांवरून पोटापर्यंत चढलं होतं. आडवं होता येत नव्हतं. डॉक्टर येऊन गेले, ओसरीवर मला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगून गेले. आत बाई काढा करत होत्या. मरघटात एकच झाड उरलं होतं, पण ते उरलं होतं. शेंगा भरत आल्या होत्या. रोज लहानभाऊ जाऊन त्याची खात्री करत होते.

त्या संध्याकाळी मी आले तर आवाज आला नाही. मी जवळ गेले. भाऊ माझ्याकडे बघत होते. त्यांनी श्वास जमवला.

"नर्सबाई," ते म्हणाले, "साल काढून पाह्यली असशील तू माझी. रेघ आहे का?"

बाईंचा हात काढ्यावर थांबला. लहानभाऊ भिंतीशी होते. कपाटात माझ्याकडे सगळं होतं, पाक, रंग, पट्टी, आणि तोंडही होतं. माझं तोंड बघून बरी झालेली कितीतरी माणसं त्या गावात होती.

मी म्हटलं, "आहे, भाऊ."

"बुडाशी, का वरतोर?"

"वरतोर गेली आहे."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं मी पुन्हा चूक केली. मग ते म्हणाले, "बरं झालं सांगितलं. आता बी कसं काढायचं ते लहान्याले नीट सांगून ठेवतो." थोड्या वेळाने, श्वास लागला तसा, विचारलं, "आन ते?"

"उभं आहे."

सवयीने लहानभाऊंनी कुबड्या ओढल्या आणि उठू लागले.

भाऊंनी खाटेवरूनच हात वर केला. "बस, लहान्या," ते म्हणाले. "कायले जातेस? ते उभं आहे."